साहेबांचा निरोप समारंभ

तारीख घ्यायला गेले होते मी, बाकी काही नाही. दात काढायची घेतात ना, तशी. जनावरांच्या दवाखान्यात बाकावर एक आजोबा पिशवीत मांजर घेऊन बसलेले, आणि त्यांच्या शेजारी मी वही घेऊन.

"हे काय?" डॉक्टरीणबाईंनी वहीकडे बघत विचारलं.

"कार्यक्रमाची रूपरेषा."

त्या हसल्या नाहीत. भल्या बाई.

तुम्ही हसलात तरी चालेल. पण आमच्या कचेरीत बावीस वर्षं मी हेच करत आलेय. कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, की निरोप समारंभ माझ्या गळ्यात. गुच्छ, भेटवस्तू, कुणी चार शब्द बोलायचे आणि कुणाच्या हाती माइक लागू द्यायचा नाही, सगळं. स्वतःचं लग्न काही मला जमवता आलं नाही, पण लोकांना वाटेला लावण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

आमच्या कुत्र्याचं नाव साहेब. बाबांनी ठेवलेलं. "जन्मभर साहेब ऊठ म्हणाला की उठलो, बस म्हणाला की बसलो. आता मी म्हणणार, बसा साहेब!" पंधरा वर्षं आमच्या घरात त्या कुत्र्याला अहोजाहो. शेवटची दोन वर्षं साहेबांना दिसत नव्हतं, आणि बाबांनाही फारसं नाही. तरी रोज संध्याकाळी सहाला दोघं फिरायला निघायचे. खालच्या शिंपीणकाकू म्हणायच्या, "आंधळ्याच्या हाती आंधळ्याची साखळी. रस्त्यानंच बाजूला व्हायचं." दर वळणाला बाबा थांबायचे, साहेबांना पायरी कळेपर्यंत. तीन मजले. साहेबांना एकट्याला काही जिना चढता-उतरता यायचा नाही.

मग त्यांचं मूत्रपिंड गेलं. रात्रभर कण्हायचे. बाबा जमिनीवर त्यांच्याजवळ झोपायला लागले, तेव्हा मी वही काढली.

शनिवार ठरला, संध्याकाळी सहा. डॉक्टरीणबाई घरी येणार. साहेबांनी फाडून ठेवलेली निळी चादर अंथरायची. रेडिओवर बातम्या लावायच्या, कारण बातम्या लागल्या की ते पाच मिनिटांत घोरायचे. बाबांचा जुना स्वेटर पांघरायला. आणि शेवटी मी कानात एकच शब्द बोलायचा. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या, "तुम्ही जा म्हणालात की सुटतात हो ती. नाहीतर ताटकळतात."

झालंही सगळं तसंच. बाबांनी पंजा धरला होता. सुई टोचली. मी वाकले, कानापाशी तोंड नेलं, आणि बावीस वर्षांच्या सवयीनं माझ्या जिभेनं दगा दिला.

"येत जा हं साहेब, अधूनमधून."

मग बाबा हसले, डॉक्टरीणबाई हसल्या, रडता रडता मीही हसले. साहेबांनी एकदा कान हलवला. डॉक्टरीणबाई त्यांना स्वेटरसकट गाडीतून घेऊन गेल्या.

बाबांनी जेवण टाकलं. सहा वाजले की खुर्चीत दाराकडे तोंड करून बसायचे. मी साखळी धुऊन दारामागच्या खिळ्याला अडकवली होती. ती टाकून द्यायचा धीर होत नव्हता.

नवव्या दिवशी मी कचेरीतून नुकतीच आले होते. खाली जिन्यात साखळी वाजली. दोन पायऱ्या, थांबली. पुन्हा दोन पायऱ्या. मी खिळ्याकडे बघितलं. आमची साखळी होती तिथंच होती, हलतही नव्हती...

बाबा उठले, दार उघडलं. ओल्या केसांचा वास आत आला, आणि त्यामागून दवाखान्यातल्या त्या फरशी पुसायच्या औषधाचा.

"आलात?" बाबा म्हणाले. पायांत बूट सरकवले आणि मला म्हणाले, "येतो गं."

मला दारात कुणी दिसलं नाही. पण बाबांचा उजवा हात पुढे ताणलेला होता, आणि दर वळणाला ते थांबत थांबत उतरत होते.

अर्ध्या तासानं आले, पोटभर जेवले. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. म्हटलं म्हाताऱ्याचा जीव रमतोय, भास तर भास. दुसऱ्या दिवशी तासानं आले. तिसऱ्या दिवशी दीड तासानं. चौथ्या दिवशी शिंपीणकाकूंनी मला जिन्यात गाठलं, तोंडात टाचण्या तशाच.

"बाबांसाठी माणूस ठेवलास, बरं केलंस."

"कुठला माणूस?"

"तो मागनं चालतो ना, तो. उंच आहे. मी पाठमोराच बघितला. मान अगदी खाली घालून चालतो बाई. पगार तरी वेळेवर देतेस ना?"

त्या दिवशी बाबा आठ वाजून गेल्यावर आले. बुटांत पाणी, हात बर्फासारखे. बाहेर तर पाऊस नव्हता.

"कुठे गेला होतात?"

"आज पार लांब गेलो. साहेब जिथनं येतात ना, त्या टोकापर्यंत."

"आणि बरोबर कोण असतं, बाबा?"

"आता मला दिसतंय होय? साहेबांना आणून सोडतं कुणीतरी. बोलत नाही. साखळी माझ्या हातात देतं नि मागनं येतं." मग जरा थांबून म्हणाले, "आज दार दाखवलं त्यानं. उद्या आत जाऊ म्हणतो."

घोळ माझा होता, माझ्या जिभेचा. आग्रहाचं आमंत्रण मीच दिलं होतं, तेव्हा परतवायचंही मीच. त्या रात्री मी पुन्हा वही उघडली, आणि आयुष्यातलं पहिलंच भाषण लिहिलं ज्यात कुणाला पुन्हा यायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा काढली. सहाच्या आधीच बाबांचे बूट कपाटात ठेवले, दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिले. जिन्यातला दिवा गेलेला. खाली साखळी वाजली. दोन पायऱ्या... थांबली. दोन पायऱ्या... मग तो वास एकदम अंगावर आला. माझ्या साडीला काहीतरी घासलं की वारा आला, तेव्हा कळलं नाही. समोरच्या काळोखात कुणीतरी श्वास घेत होतं. वर चढून आल्यावर घेतात तसा, दमलेला.

वही हातात होती, पण एक अक्षर दिसेना.

"साहेब," मी म्हणाले, "चूक माझी झाली. मी सवयीनं बोलले... तुम्ही फार चांगले होतात. पण आता यायचं नाही. जा. परत येऊ नका."

श्वास थांबला. मग पावलं उतरायला लागली. एकेक पायरी, सावकाश. मी कान देऊन ऐकत होते, दुसऱ्या मजल्यापर्यंत, पहिल्यापर्यंत. साखळीचा आवाज नव्हता. नुसते बूट.

दार लावलं आणि त्यालाच टेकले.

"गेले, बाबा."

"कोण?"

"साहेब."

बाबा खुर्चीत होते. त्यांचा उजवा हात खाली लोंबत होता, आणि बोटं कुणाच्या तरी कानामागे खाजवल्यासारखी हलत होती.

"साहेब हे काय, इथं आहेत. तुझ्या पायांतून आत आले मघाशीच." त्यांची बोटं थांबली. "मग तू जायला कुणाला सांगितलंस?"

मी दाराला आतून कडी घातली.

"अगं, यांना परत कोण नेणार आता?" ते हळूच म्हणाले. "यांना एकट्याला कुठला जिना उतरता येतोय... मलाच पोचवायला जावं लागणार." आणि खाली वाकून बूट चाचपायला लागले.

सहा दिवस झाले त्याला. दाराला कुलूप आहे, किल्ली माझ्याजवळ. बाबा अन्नाला शिवत नाहीत. दिवसभर ठीक असतात, सहाला बूट मागतात. आधी हट्टानं मागायचे, आता विनवतात. रात्री खुर्चीखाली कण्हल्याचा आवाज येतो. तो साहेबांचाच असावा असं मी धरून चालते.

म्हणून गेले तीन दिवस मी सहाला दार उघडते, अंधाऱ्या जिन्यात तोंड घालते, आणि ज्याला हाकललं त्यालाच गोड बोलून बोलावते. "या हो. चुकलंच माझं. वर या. घेऊन जा." निरोप समारंभवाल्या बाईंवर ही पाळी!

परवा कुणी नाही. काल कुणी नाही.

आज खालच्या वळणावर बूट थांबल्याचं ऐकू आलं. मी पुन्हा म्हणाले, "या ना... घेऊन जा."

खालून अगदी अदबीनं, दमलेल्या आवाजात कुणीतरी विचारलं,

"कुणाला?"