आरसबाळाचा घास

शर्वरीला जन्मापासून साधी सर्दीही झाली नव्हती. शेजारच्या घरांत तापाने माणसं दगावत होती आणि ही पोरगी पाळण्यात पायाचा अंगठा चोखत मजेत पडून होती. त्या साथीच्या वर्षांत अशी पुष्कळ मुलं जन्माला आली. शास्त्रज्ञांनी त्यांना लांबलचक नाव दिलं होतं. लोक त्यांना आरसबाळं म्हणत.

कोणत्याही रोगजंतूला त्यांच्या पेशीत पाय रोवता येत नसे, कारण त्या पेशीच आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट्या होत्या. कार्बनच्या अणूला जणू चार हात असतात. चारही हातांत वेगवेगळं काही धरलेलं असलं, की तोच रेणू दोन तऱ्हांनी जुळतो. अणू तेच, संख्या तीच. पण एक डाव्या पायाची चप्पल, तर दुसरी उजव्या पायाची. सजीवांनी फार पूर्वी प्रत्येक रेणूची एकच तऱ्हा धरली आणि मग ती काही सोडली नाही. आरसबाळं मात्र यंत्राच्या गर्भाशयात दुसऱ्या तऱ्हेच्या रेणूंनी घडवलेली असत. त्यांचं अन्नही तसंच लागे. निळ्या झाकणाच्या बाटल्यांतून ते त्यांना घडवणाऱ्या संस्थेकडून घरी येई.

शर्वरी सहा महिन्यांची झाली तेव्हा तिचा मामा हेरंब हटूनच बसला. "ताई, उष्टावण करायचं म्हणजे करायचंच. माझी भाची काय बाटलीवरच वाढणार?"

शर्वरीच्या आईने, यामिनीने संस्थेत फोन लावला. डॉक्टर उत्तरा लोखंडे म्हणाल्या, "चमचाभर खीर बाधणार नाही. पण पचणारही नाही, बरं का."

बहीणभावाने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. आपण सगळे असंच ऐकतो.

मामाने खीर चाटवली आणि शर्वरीने मिटक्या मारल्या. दुसऱ्या दिवशी यामिनीने मऊ भातावर तूप घातलं. पोरगी आईला बघून आ करू लागली. आईला आणखी काय हवं असतं? बाटली पुढे केली की मात्र ती तोंड फिरवी. महिना संपायच्या आत तिच्या मांड्यांची कातडी लोंबू लागली.

"पण डॉक्टर, ती पोटभर जेवते हो!" संस्थेत यामिनी रडवेली होऊन म्हणाली.

"पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "अन्न फोडून रेणू सुटे करणारं रसायन तिच्याकडे आहे, पण ते उलट्या अन्नासाठी. तुमचा भात त्याच्या हातीच लागत नाही. ती भरल्या पोटी उपाशी आहे, यामिनी."

"मग मी भात बंद करते."

"आता ती बाटली तोंडात धरत नाही. नळीने किती दिवस भरवणार? आणि उद्या ती रांगेल, कुणाच्याही ताटातलं उचलेल. तिला आपल्या अन्नाची नावड निर्माण व्हायला हवी. भातात कडू थेंब घालू."

"अंगावरचं दूध तोडताना बायका कडू लावतात, तसं?"

"तसंच. पण भरवायचं तुम्ही."

"मी? नर्सबाईंनी भरवलं तर?"

"तर ती नर्सबाईंना घाबरेल आणि घरी गेल्यावर पुन्हा तुमच्यापुढे तोंड उघडेल."

शर्वरीला संस्थेतच ठेवून घेतलं. यामिनीने भरवलं. पहिल्या घासाला शर्वरी हसत पुढे आली, मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती आईकडे बघतच राहिली. तरीही दुसऱ्या घासाला तिने आ केला. तो दुसरा घास देताना यामिनीला स्वतःची किळस आली. रोज ती भरवून बाहेर जाई आणि मग नर्सबाई निळ्या झाकणाची बाटली घेऊन येत. हळूहळू शर्वरी बाटली पिऊ लागली. गाल भरले.

एका सकाळी डॉक्टरांनी साधा भात कालवायला सांगितला. त्यात कडू काही नव्हतं, वरून तूपही होतं. यामिनीने घास पुढे केला. शर्वरीने ओठ घट्ट मिटून तोंड फिरवलं. यामिनीने पुन्हा घास पुढे केला, तिने पुन्हा मान फिरवली.

"शाब्बास!" डॉक्टर म्हणाल्या. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. दारातून हेरंब ओरडला, "ताई, जिंकलीस!"

"आता खुशाल घरी न्या," डॉक्टर म्हणाल्या.

यामिनीने हात स्वच्छ धुतले, पुसले आणि लेकीला उचलून घ्यायला पुढे केले. ते हात येताना पाहून शर्वरीने ओठ घट्ट मिटले.