फाल्गुनातला हिरवा पळस

ही गोष्ट खरी आहे. शपथ घेत नाही, कारण उठसूट शपथा घेणाऱ्यांवर माझाच विश्वास नाही. पण यातली माणसं अमडापुरात राहतात, आजही राहतात, आणि त्यातली एक माझी सख्खी मामेबहीण आहे. शरयू.

भुताची गोष्ट म्हटलं की तुम्हाला अमावस्येची रात्र लागते. इथे मिळणार नाही. हे घडलं लख्ख उन्हात. तीन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात, ज्ञानगंगेच्या जंगलाच्या कडेला, भर दुपारी.

आधी शरयूच्या नवऱ्याबद्दल सांगते.

गंधार शाळेत शिक्षक होता आणि पाखरांच्या मागे वेडा होता. फाल्गुनात पळस फुलला की तिकडे नुसता बाजार भरतो. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, सगळे त्या लाल फुलांवर तुटून पडतात. मी सांगतेय त्या फाल्गुनाच्या पाच वर्षं आधी, एका रविवारी तो कॅमेरा घेऊन पळस बघायला गेला...

आणि परत आलाच नाही.

जंगलाच्या कडेला मोटरसायकल सापडली. हँडलला हेल्मेट, डिकीत न उघडलेला डबा. त्या जंगलात अस्वलं आहेत, बिबटे आहेत. पोलीस, वनखातं, गावातली पोरं, सगळ्यांनी रान पिंजून काढलं. कपड्याची चिंधीसुद्धा मिळाली नाही.

पाच वर्षं शरयूने वाट पाहिली. नुसती पाहिली नाही, ऐकली. कुकरची शिट्टी झाली की तिला गंधारची हाक ऐकू यायची. रस्त्यावरून कोणी गेलं की ऐकू यायची. ती हातातलं टाकून "ओ" देत दाराशी धावायची, आणि दारात कोणी नसायचं. शेजारच्या बायका कीव करायच्या आणि मग घरोघरी जाऊन सांगायच्या. शेवटी चिखलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक सवय लावली. आवाज आला तरी ओ द्यायची नाही. हातातलं काम चालू ठेवायचं.

ती शिकली. फार कष्टाने शिकली.

तिचे सासरे रमाकांतकाका तहसीलमधून निवृत्त झालेले. नोकरी सांभाळून घरची भिक्षुकीही करत आलेले. त्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी शरयूला जवळ बसवलं.

"शरयू, माझा काही भरवसा नाही आता. जायच्या आधी गंधारचा पालाशविधी माझ्या हातून होऊ दे."

ज्याचं प्रेतच सापडत नाही, त्याच्यासाठी हा विधी असतो. पळसाच्या पानांचा माणूस करायचा. हात, पाय, छाती, सगळं पानांचं. डोक्याच्या जागी नारळ. आणि मग त्याला रीतसर अग्नी द्यायचा.

"त्याला बारा वर्षं थांबतात ना, बाबा?"

"थांबतात. पण मी थांबेन असं वाटत नाही."

शरयूने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, करा. फक्त पानं मी तोडणार, दुसरं कोणी नाही.

गंधार गेला ती तिथी फाल्गुनातली. काकांनी तीच धरली. आयुष्यभर पोथ्या वाचलेल्या माणसाच्या लक्षात एवढी साधी गोष्ट आली नाही. ती लक्षात आणून दिली पंजाबरावांनी. त्यांचं शेत जंगलाला लागून आहे.

"काकाजी, फागणात पळसाले पानं कुठून येतीन? सारे झाडं नुसते फुलानं लाल हायेत. पान म्हनून दिसन नाही. बजारातून पत्रावळी आना अन् घ्या उसवून."

"ताजी पानं लागतात, पंजाबराव. जित्या झाडाची."

"मंग पाहू बापा. भेटली तं भेटली."

निघताना काकांनी शरयूला बजावलं. पानं तोडताना बोलायचं नाही. मागे वळायचं नाही. कोणी हाक मारली तरीही नाही.

ती, तिचा धाकटा दीर आल्हाद आणि पंजाबराव, असे तिघं निघाले. शेत संपलं, मुरमाड गायरान लागलं. जिकडे पाहावं तिकडे पळस. एकाही फांदीवर पान नाही, नुसती फुलं. आणि पाखरांचा एवढा कालवा की बोललेलं ऐकू येईना. शरयूला आठवलं, गंधार हेच ऐकायला यायचा. तिला तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण ती चालत राहिली.

खूप फिरले. पान काही दिसेना. पंजाबरावांची चुळबुळ सुरू झाली, हरभरा काढायला मजूर येऊन बसले होते. ते म्हणाले, एवढा नाला पाहू आणि परत जाऊ.

नाल्यात उतरायला लागले. पाखरांचा आवाज मागे पडला...

मग कमी झाला...

मग बंदच झाला.

नाल्याच्या वळणावर एक पळस उभा होता. हिरवागार. श्रावणात असावा तसा पानांनी गच्च भरलेला. एकही फूल नाही, आणि अंगावर एकही पाखरू नाही.

"आल्हाद, हे झाड म्या कधी पाह्यलं नाही बे इथं," पंजाबराव म्हणाले.

"लक्ष नसंन गेलं तुमचं."

"नाल्यातच ढोरं चारतो मी. लक्ष काऊन जाईन नाही?" मग त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "जाऊ द्या. पानं भेटली ना? तोडा लवकर, ताई. आमी हाओ तिकडं."

दोघं लांब एका दगडावर जाऊन बसले. शरयूने पदर खोचला, झाडाला नमस्कार केला आणि पहिलं पान देठापासून तोडलं.

टच्.

देठातून लाल चीक आला. पळसाचा चीक लालच असतो, त्यात नवल नाही. नवल दुसरंच होतं. झाड सावलीत होतं, आणि पान गरम होतं. तापातल्या माणसाचा हात असतो तसं.

ती तोडत राहिली. थोड्या वेळाने तिला जाणवलं, झाडापलीकडे कोणीतरी श्वास घेतंय. दमल्यासारखा, जोरजोरात. तिला वाटलं आल्हाद मदतीला आला असेल. तिने वाकून पाहिलं...

आल्हाद लांब दगडावर पाठमोरा बसला होता.

श्वास चालूच होता.

टच्. प्रत्येक पानाबरोबर तो अडकायचा. मग पुन्हा चालू व्हायचा, आधीपेक्षा बारीक. शरयूला डॉक्टरांचं आठवलं. काम चालू ठेवायचं. सासऱ्यांचं आठवलं. मागे वळायचं नाही. ती मनाशी म्हणत राहिली, हे माझ्या डोक्यातलं आहे, हे नेहमीचंच आहे.

गाठोडं भरत आलं. श्वास आता तिच्या मानेशी होता.

आणि अगदी हळू...

"शरू... पुरे."

तिला शरू म्हणणारा जगात एकच माणूस होता.

तिचा हात फांदीवर थांबला. ओ तोंडाशी आली होती. तेवढी एक ओ दिली असती, तेवढी एकदा मान वळवली असती, तर काय झालं असतं कोण जाणे.

तिने पुढचं पान तोडलं.

मग आणखी एक. मग आणखी. श्वास थांबला. नाल्यात काहीच ऐकू येईना, स्वतःच्या बांगड्यासुद्धा. गाठोडं उचलून ती सरळ चालत सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी विधी झाला. बायका घरीच होत्या. आल्हादने अग्नी दिला. पानांचा माणूस तो, किती वेळ जळणार? चहा होईपर्यंत राख व्हायला हवी होती.

ऊन उतरलं तरी तो जळत होता.

आलेल्या लोकांनी आधी कुजबूज केली. मग नाकाला रुमाल लावले. मग कामं आठवून एकेक जण निघून गेला. तो वास सगळ्यांना ओळखीचा होता, पण कोणी त्याचं नाव घेतलं नाही.

राख भरायला आल्हाद एकटा गेला. त्याने कोणाला हात लावू दिला नाही, मडक्यात डोकावूही दिलं नाही. पाण्यात सोडल्यावर ती राख तरंगली नाही. सरळ तळाला गेली.

त्याच आठवड्यात पंजाबरावांचा फोन आला.

"ताई, तुमी पानं तोडलेलं ते झाड... फुललं ना वं. एका रातीत. शेंड्यापासून बुडापर्यंत लाल."

शरयूने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पन एक पाखरू बसून नाही राह्यलं त्याच्यावर. मी तं ढोरं वळवली तिकून."

त्यानंतर घरात गंधारचा विषय बंद झाला. शरयूने कुंकू लावणं सोडलं. अधूनमधून लोक म्हणायचे, बरं झालं, पोरगी सुटली एकदाची. हे म्हणणाऱ्यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं असं मला वाटायचं, पण मीही मान हलवायचे.

पुढे दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी शरयू, आल्हाद आणि काका जेवत होते. मधेच शरयूने घास खाली ठेवला. इतके महिने पोटात ठेवलेलं ते सगळं बोलून टाकलं. तो श्वास, ते गरम पान, आणि 'शरू, पुरे'.

"मला वाटलं, नेहमीसारखंच माझ्या डोक्यातलं आहे," ती म्हणाली. "म्हणून नाही थांबले."

आल्हादच्या हातातला पेला ताटात पडला.

"वहिनी... मी अग्नी दिला ना, तेव्हा आतून दादाचा आवाज आला." तो पडलेला पेला सरळ करत राहिला. "'आल्या, पाणी दे,' म्हणे. मला वाटलं मला भास होतोय. तुम्हाला सांगितलं असतं तर तुमचं दुखणं पुन्हा उलटलं असतं. म्हणून..."

दोघांनी रमाकांतकाकांकडे पाहिलं. कितीतरी घरांत असे विधी करून आलेला माणूस तो. काहीतरी सांगतील, समजूत घालतील, शास्त्रातलं एखादं वाक्य काढतील. दोघांनाही तेवढंच हवं होतं.

काका ताटाकडे बघत बसले होते. भात गार झाला होता.

"अग्नी द्यायच्या आधी," ते म्हणाले. "पान न् पान मांडून झालं होतं. मी वाकलो होतो त्याच्यावर. 'बाबा, मी आलो,' म्हणाला. लहानपणी शाळेतून आला की दारातून म्हणायचा ना, तसं."

काकांनी ताट बाजूला सारलं.

"मी मंत्र मोठ्यानं म्हणायला लागलो. ते ऐकू येऊ नये इतक्या मोठ्यानं."

काका पुढच्याच महिन्यात गेले. त्यांचे विधी आल्हादने केले नाहीत, दुसऱ्याकडून करवले. शरयू अजून त्याच घरात आहे. मी गेले की आम्ही भाजी निवडतो, लहानपणीच्या शाळेच्या गप्पा मारतो. एकदाच तिने मला विचारलं, "तू वळली असतीस का गं?" मी नाही म्हटलं, कोणीच वळलं नसतं म्हटलं. तिला ते खरं वाटलं नाही आणि मलाही नाही.

जुनी माणसं सांगतात, नुसता आवाज आला तर तीन हाका होईपर्यंत ओ देऊ नये, काय असेल सांगता येत नाही.

मी पहिल्याच हाकेला देते. घरात एकटी असले तरी देते. बऱ्याचदा दारात कोणी नसतं... तरी मी थोडा वेळ दार उघडं ठेवून उभी राहते.