मिठाच्या उजेडात

"मास्तरीणबाई, चला लौकर! वकिलांकडे सूनबाईंचं गाठोडं बांधतायत."

गणू गडी धापा टाकत दारात उभा होता. विमलाबाईंचे हात पिठात होते.

"गाठोडं? ते कशाला?"

"नथ गेली. काल मास्तरांचा जादूचा दिवा चालू होता तेव्हा. रखमाबाई म्हणतात, सुनेनंच मारली. उद्या सकाळच्या गाडीनं ठाण्याला, बापाकडं. परत आणायची नाही म्हणतात."

"जादूचा नव्हे रे!" आतून त्र्यंबक मास्तर ओरडले. "शास्त्राचा!"

"ते रखमाबाईंना सांगा," गणू म्हणाला. "त्या म्हणतात, यांनी दिवा लावला आणि आमच्या घरात अंधार झाला."

विमलाबाईंनी हात धुतले. दिवा मास्तरांचा असला तरी काल धरला होता त्यांनीच.

सन १८९८. पौषातल्या अमावास्येला खग्रास सूर्यग्रहण लागणार होतं. ते बघायला साहेब लोक दुर्बिणी घेऊन देशावर निघाले होते. कल्याणात जो तो ग्रहणाचं बोलत होता. तेव्हा सहदेवराव वकिलांनी मास्तरांना घरी बोलावून 'पदार्थविज्ञानातील नवे शोध' ऐकवायला लावले. पुरुष ओसरीवर, बायका चिकाच्या पडद्याआड माजघरात. हाताच्या आरपार जाऊन हाडं दाखवणारे किरण झाले. कलकत्त्याच्या एका प्रोफेसरानं भिंतीपलीकडची घंटा तारेवाचून वाजवली, तेही झालं. मग मास्तर सूर्यावर आले. तीस वर्षांपूर्वी, असंच ग्रहण या देशात लागलं तेव्हा, सूर्याच्या उजेडात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली होती. ज्या वायूची ती रेघ, तो आता कुठे पृथ्वीवर सापडला. रेघ म्हणजे काय, हे दाखवायला मास्तरांनी घरातले सगळे दिवे मालवले आणि स्पिरिटच्या दिव्याची वात मिठात घोळवून पेटवली. तो दिवा धरून विमलाबाई पडद्याबाहेर, ओसरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ओसरीवर काचेचा लोलक हातोहात फिरला. जो तो त्यातून पिवळी रेघ बघत होता.

आणि तेवढ्यात नथ गेली.

वकिलांच्या माजघरात शकू भिंतीला टेकून बसली होती. जेमतेम चौदाची. लग्नानंतरची पहिली संक्रांत. काल तिला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घातले होते. आज नाकपुडी सुजून लाल झाली होती आणि डोळेही.

"नाक दुखत होतं म्हणून नथ काढली," रखमाबाई म्हणाल्या. "मला न विचारता. हळदीकुंकवाच्या तबकात ठेवली म्हणते. दिवे लागले तेव्हा तबकात हळद होती, कुंकू होतं, नथ नव्हती."

"तबक कुठं होतं?"

"स्वयंपाकघराच्या दाराशी. सगळ्यांच्या मागं."

"आणि शकू?"

"पुढं. पाटावर."

"आत कोण कोण होतं?"

"मी, गंगुबाई, त्यांची शीला आणि ही. चौघी."

"आणखी कोणी?"

"हळदीकुंकवाला आणखी कोण असणार? बोलावणंच तेवढ्यांना होतं."

चौघी. विमलाबाईंनीही मनात चारच बोटं मिटली.

"मग सुनेनंच घेतली कशावरून? गंगुबाईंनी का नाही?"

"अहो, मी समोर बसलेय!" शेजारच्या गंगुबाई फणकारल्या. "आणि मी डोळ्यांनी पाहिलंय."

"काय पाहिलंत?"

"मान वळवली तर तबकाशी एक हात गेला. वर काळं लुगडं. काळं काल कोण नेसलं होतं? मी पिवळं, रखमाबाई बदामी, शीला परकरात. काळी एकटी चंद्रकळा."

"चेहरा?"

"पदर पुढं ओढलेला. आणि त्या उजेडात चेहरे बघवत होते का? सगळी मढ्यासारखी."

"हातात बांगड्या वाजल्या?"

गंगुबाई अडखळल्या. "नाही बाई. वाजल्या तर नाहीत. चोरी करणारी बांगड्या वर सारूनच हात घालणार."

विमलाबाईंनी शकूच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत हिरवा चुडा. ती नाक पुसत होती तरी वाजत होता.

त्या उठल्या आणि जमीन बघत फिरल्या. शकूच्या पाटाभोवती मुंग्यांची रांग लागली होती. काल हलव्याचे दाणे गळले होते तिथं. तबकापाशी मात्र एकही मुंगी नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या आला. ठेवणाऱ्या हाताबरोबर लाल पदर दिसला. वकिलांच्या बहीण, आत्याबाई. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. आज पन्नाशीच्या. त्यांनी पदर नाकावर धरला होता.

"सर्दी झाली का हो?" विमलाबाईंनी विचारलं.

आत्याबाईंनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. दार ओढून त्या आत गेल्या.

"शकू," विमलाबाई तिच्याजवळ बसल्या, "काल तुला काय दिसलं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? दिवा तर समोर होता."

"डोळे मिटले होते मी."

"का गं?"

शकूनं सासूकडे पाहिलं. रखमाबाई म्हणाल्या, "सांग की. आता लाजायला काय उरलंय?"

"बोलू नये असं आहे ते."

विमलाबाईंनी रखमाबाईंना आणि गंगुबाईंना ओसरीवर पाठवलं. तेव्हा ती कानाशी कुजबुजली.

"सासूबाईंचं कुंकू काळं झालं होतं. काजळासारखं. गंगुबाईंचंसुद्धा. दोघींची कपाळं... मला भीती वाटली. मी डोळे घट्ट मिटले."

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सवाष्णीला असं सांगतात का?"

कुणी सांगितलं नव्हतं हे खरं. गंगुबाईंनीही रखमाबाईंचं कपाळ पाहिलं असणारच. रखमाबाईंनी गंगुबाईंचं. आणि दोघींनी अशुभ बोलायचं नाही म्हणून ते गिळलं.

घरी येऊन त्यांनी खिडक्या लावल्या. कोपरच्या आगरातलं भरड मीठ कुटून वातीला चोळलं, दिवा पेटवला, आरसा घेतला.

त्यांचं कुंकू काळं ठिक्कर दिसलं. खुंटीवरचं मास्तरांचं तांबडं पागोटंही काळं.

"अहो! इकडे या!"

"यात नवल काय?" मास्तर म्हणाले. "मिठाच्या ज्योतीत पिवळ्यावाचून दुसरा रंगच नसतो. तांबडं दिसायला तांबडा उजेड पडावा लागतो. तो नाही, मग काळंच दिसणार."

"हे काल का नाही सांगितलंत?"

"लोलक बघण्यात सगळे दंग. पागोट्याकडे कोण बघतंय?"

"आणि आत कुंकवं होती, ते?"

"आतलं मला काय ठाऊक? मी ओसरीवर."

विमलाबाईंनी आरसा खाली ठेवला. काळं म्हणजे काळंच असेल असं नाही. तांबडंही असेल. बांगड्या नसलेला हात. दाराजवळचं तबक. नाकावरचा पदर. एकेक गोष्ट आपोआप जागच्या जागी बसली. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. उभ्या जन्मात कुणी शाळेत घातलं नव्हतं. नवऱ्याची पुस्तकं चुलीपुढं वाचून जे साठलं, ते आज कामाला आलं होतं. दिवा पदराखाली घेऊन त्या वकिलांकडे निघाल्या तेव्हा त्यांची चाल पोरीसारखी होती. आपण कुणाचं काय उघडं करायला निघालोय, हे त्यांनी वाटेत एकदाही मनात आणलं नाही.

तिसरा प्रहर होता. माजघराच्या खिडक्या लावून घेतल्या.

"काल होतात तशा बसा. तबक तिथंच. शकू पाटावर, चंद्रकळा नेसूनच. आणि आत्याबाई, तुम्हीही काल उभ्या होतात तिथं या."

"त्यांना कशाला?" रखमाबाई म्हणाल्या.

"काल होत्या ना?"

"होत्या म्हणजे... दारात. दारात त्या असतातच."

स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं.

विमलाबाईंनी वात पेटवली. पिवळा उजेड भिंतींवर चढला आणि घरातले रंग निघून गेले. शीला रडायला लागली. शकूनं डोळे मिटले.

"गंगुबाई, मान वळवा. काय दिसतंय?"

गंगुबाईंनी वळून पाहिलं आणि किंचाळल्या. "हीच! हेच काळं लुगडं! अगं बाई, शकू तर पुढं बसलीय!"

विमलाबाईंनी हात लांब करून खिडकी उघडली.

दारात आत्याबाई उभ्या होत्या. विधवेच्या लाल आलवणात. आपलाच पदर दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे बघत होत्या. नाक झाकायचं त्या विसरल्या होत्या. डाव्या नाकपुडीवर रक्त सुकलेलं होतं.

"या दिव्यात तांबडं ते काळं दिसतं," विमलाबाई म्हणाल्या. अजून त्यांच्या आवाजात व्याख्यानाचा डौल होता. "तुमची कुंकवंसुद्धा काळी दिसली. ती सगळ्यांनी पाहिली, पण बोललं कुणी नाही. म्हणून काळं लुगडं म्हणजे चंद्रकळा, असं धरून चाललो. शकूच्या हातांत चुडा आहे, तो वाजल्यावाचून राहता ना. ती मागं गेली असती तर हलवा तबकापाशी सांडून आज तिथं मुंग्या लागल्या असत्या. हात रिकामा होता. या घरात रिकामा हात एकच. आणि काल नथ घेतली ती..." त्या थांबल्या. डौल विरून गेला. "...ती घालून बघायला घेतली."

आत्याबाई वळल्या. स्वयंपाकघरात बरणीचं झाकण वाजलं. त्या परत आल्या आणि मिठानं माखलेली नथ त्यांनी उंबऱ्यावर ठेवली.

"वन्सं, तुम्ही?" रखमाबाई म्हणाल्या.

"ती माझीच होती, वहिनी," आत्याबाई म्हणाल्या. या घरात त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नसावा. "माझ्या लग्नात आईनं दिलेली. पण त्याचं काही नाही. मी ती केव्हाच मनातून सोडली होती."

"मग काल का?"

"काल पदराकडे बघितलं तर तो काळा." त्या थांबल्या. "लग्नानंतरच्या संक्रांतीला आई मला चंद्रकळा घेणार होती. संक्रांत यायच्या आधीच माणूस गेलं. काल त्या दिव्यात बघितलं तर मी चंद्रकळा नेसलेय, आणि तुम्हां सगळ्यांची कपाळं माझ्यासारखी, कुंकवाचं लाल कुठंच नाही. वेगळं कुणी दिसतच नव्हतं. समोर तबकात नथ. हात गेला."

"परत का नाही ठेवलीत?"

"घालायला गेले, रक्त आलं. तेवढ्यात दिवे लागले. सगळे ओरडायला लागले."

"आणि आज? पोरीचं गाठोडं बांधलं तेव्हा?"

आत्याबाईंनी शकूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बोलणार होते. सकाळपासून दोनदा उंबऱ्यापर्यंत आले. मग मनात आलं, हिला निदान एक संक्रांत तरी मिळाली. असं आलं खरं मनात. पोरीची माफी मागायलाही तोंड नाही मला."

ओसरीवरून वकिलांचा आवाज आला. "काय गं, सापडला का चोर?"

सगळ्या रखमाबाईंकडे बघू लागल्या. रखमाबाईंचा चेहरा त्या लाल आलवणापेक्षा लाल झाला होता. नथ कोणाची, हे त्यांना कालही ठाऊक होतं.

"चोर कसला?" त्या ओरडून म्हणाल्या. "मिठाच्या बरणीत पडली होती. सापडली. सून कुठं जात नाही, गणूला सांगा." मग हळूच, गंगुबाईंकडे न बघता म्हणाल्या, "आणि कोणी बाहेर काही बोललं, तर माझ्याशी गाठ आहे."

गंगुबाई शीलाला घेऊन मुकाट्यानं निघून गेल्या.

शकू उठली. चुडा वाजला. तिनं नथ उचलली, पदरानं मीठ पुसलं आणि आत्याबाईंपुढं धरली.

"नको गं," आत्याबाई म्हणाल्या. "नाकाचं भोक कधीच बुजलंय."

विमलाबाई दिवा विझवायला वाकल्या. त्यांना कुणाकडेच बघवत नव्हतं. एका पोरीला वाचवायला आलेल्या त्या. त्यासाठी आत्याबाईंना आधी स्वयंपाकघरात एकटं गाठून विचारता आलं असतं. ते सुचलं नव्हतं असंही नाही. दिवा लावून दाखवायची हौस होती.

"मास्तरीणबाई," आत्याबाई चाचरत म्हणाल्या, "स्पिरिट उरलंय का?"

"आहे थोडं."

"मग एवढ्यात विझवू नका."

रखमाबाईंनी आवाज न करता उठून खिडकी लावली.

घरी मास्तर वाटच बघत होते. "जमला प्रयोग?"

"जमला."

"वा! मग पुढच्या महिन्यात ठाण्याच्या व्याख्यानात हे सांगतो. नावं न घेता. लोक काय ऐकतील!"

"सांगायचं नाही."

"अगं, पण शास्त्राचा केवढा..."

"नाही म्हटलं ना."

मास्तरांनी वही ओढली. मग टिपण करायला लेखणी उचलत म्हणाले, "बरं, माझ्यापुरतं तरी लिहून ठेवतो. काल माजघरात बायका होत्या किती? चार ना?"

विमलाबाई वातीचं मीठ खरवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"पाच," त्या म्हणाल्या. "नीट लिहा. पाच होत्या."