दीड हजार ओहम

रविवारी सकाळी वैदेही नाटे गावी भावाकडे गेली ती पंप बघायला. मिरजोळ्याच्या एका कंपनीत ती इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होती, कामगारांना विजेपासून जपायचं कसं हेही तीच शिकवायची. माहेरी मात्र तिचा उपयोग एवढाच, की काही बिघडलं की तिला फोन करायचा. या वेळी हरिहरदादाचा आवाज रडवेला झाला होता. कातळाच्या सड्यावर लावलेली आंब्याची नवी कलमं मे महिन्याच्या उन्हात माना टाकत होती, आणि विहिरीवरचा पंप सुरू केला की विजेची गळती पकडणारा ब्रेकर खटकन पडत होता. आणखी दोन दिवस पाणी नाही मिळालं तर कलमं हातची गेली म्हणून समजायची.

दुपार टळायला आली तरी ब्रेकर पडतच होता. वैदेहीने नवा ब्रेकर बसवून पाहिला, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठपाणी ओतलं, शेवटी दादाला विहिरीवर पाठवून वायरीपासून पंपच सोडवला. विहीर उतारावर, घरातून न दिसणारी, म्हणून दोघांचे फोन चालूच होते. दादाने वायरीची टोकं टेप लावून काजूच्या फांदीला टांगली. तिने ओटीवरच्या बोर्डाचं बटण दाबलं. ब्रेकर पडला.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. पुढे काही जोडलेलंच नाही, वायर नवी, मध्ये एक सांधा नाही. मग मेला करंट जातो कुठे?

मग तिने तेच केलं, जे दुसऱ्या कोणी केलं असतं तर तिने त्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं असतं. दादाला वायरीपासून लांब उभं राहायला बजावलं, ब्रेकर वगळला आणि वायर थेट मेनला जोडली.

बोर्डावरच्या व्होल्टमीटरचा काटा दोनशे तीसवर गेला. हातातल्या मीटरचा चिमटा तिने वायरीभोवती लावला. करंट शून्य पॉइंट पंधरा. दोन्हींचा गुणाकार केला तर पॉवर जेमतेम चौतीस वॅट, धड पंख्याची नाही की दिव्याची नाही. व्होल्टेजला करंटने भागलं तर रेझिस्टन्स दीड हजार ओहम. पंपाच्या गुंडाळीचा दोन-चार ओहम असतो, धडधाकट वायरीच्या आवरणाचा कोटीच्या घरात. हा दीड हजार कुठला उपटला? तिने पुन्हा भागलं. मोबाइलवर भागलं. तेच उत्तर. मीटर अंगणात भिरकावून द्यावंसं वाटलं तिला.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की हा आकडा ती दर महिन्याला स्वतःच्या तोंडाने सांगते. हाताने वायर धरलेली असली आणि पाय जमिनीवर असले, तर माणसाच्या अंगाचा रेझिस्टन्स ढोबळमानाने दीड हजार ओहम धरायचा.

बाहेर पान हलत नव्हतं. कावळेसुद्धा गप्प झाले होते. ओटीवर केस जळल्यासारखा बारीक वास येऊ लागला होता.

गेल्या वर्षी याच विहिरीवर रघू गेला. बागेत कामाला होता, जुन्या वायरीला चिकटला. मोकळा हात त्याने समोर उभ्या असलेल्या हरिहरकडे पुढे केला होता, आणि मागून वैदेही ओरडली होती, की दादा, हात देऊ नको. दिला असता तर दोघेही गेले असते, त्यामुळे तिचं काही चुकलं नव्हतं. पण हरिहर त्यानंतर विहिरीवर एकटा कधी गेला नव्हता. आज तिनेच पाठवला होता.

“दादा...” ती फोनमध्ये हळूच म्हणाली, “वायरीजवळ कोण आहे?”

“थांब गो जरा...”

मीटरवरचा आकडा उतरला. शून्य पॉइंट शून्य पंच्याहत्तर, बरोबर निम्मा. क्षणभर तिला हायसं वाटलं, गळती कमी झाली म्हणून. मग सवयीने तिने भागलं. तीन हजार ओहम. दोघांनी वेगवेगळी वायर धरली असती तर करंट दुप्पट झाला असता. तो निम्मा झाला, म्हणजे दोन माणसं एकापुढे एक होती. एकाच्या हातात वायर, आणि दुसऱ्याच्या हातात त्याचा हात.

तिने मेनचा दांडा खाली ओढला. घरातला पंखा घरघरत थांबला, व्होल्टमीटरचा काटा शून्यावर पडला.

“दादा, ऐकतोयस ना... दादा...”

“ऐकतोय गो.” एवढा शांत आवाज तिने वर्षभरात ऐकला नव्हता. “रघूने परत हात पुढे केलान. या वेळी मी दिला.”

“सोड तो हात... मेन बंद केलाय मी.”

पलीकडून श्वास ऐकू आला. एकाचा नव्हता तो.

“बंद केलास?” हरिहर म्हणाला. “मग हा अजून थरथरतोय कसा?”

वैदेहीने मीटरकडे पाहिलं. चिमट्यातल्या मेलेल्या वायरीतून करंट अजून तेवढाच जात होता.