गप्प बसलेल्यांची संमती

फासाचा दोर बर्फावरच्या स्लेज-गाडीवर पडायचा तो नेमका माझ्या पायांपुढे पडला. माझ्या आबांचा रेनडिअर पकडायचा दोर घेऊन हा परका तरुण नेम धरायला शिकत होता. मी पाण्याची किटली घेऊन जागच्या जागी थांबले.

"उचल ना तो."

"ओलांडून जा की... चावतो का?"

"बाईनं पुरुषाचा दोर ओलांडायचा नसतो. तू आमच्यासारखाच नेनेत्स ना?"

तो कानापर्यंत लाल झाला. "कागदावर तरी आहे."

मला हसू फुटलं. त्यानं दोर उचलला, पण अगदी सावकाश — मी आणखी थोडी थांबावी म्हणून.

त्याचं नाव एदेयको. तेल कंपनीच्या साहेबांचा दुभाषी. ते हेलिकॉप्टरनं आले होते. आमच्या टुंड्रात, रेनडिअर जिथे वितात त्या टेकडीवरून, त्यांना रस्ता न्यायचा होता. आमच्या तंबूत बैठक झाली. साहेब बोलले, एदेयकोनं आमच्या भाषेत सांगितलं. म्हातारी माणसं खाली मान घालून चहा पीत राहिली. मी मात्र दुभाष्याकडे बघत होते... तोही माझ्याकडे.

तीन आठवड्यांनी विणीच्या वेळी कळप टेकडीवर नेला. तिथे रस्त्याच्या आखणीचे, लाल चिंध्या बांधलेले खुंट! बर्फ चिरत गेलेल्या यंत्राच्या चाकोऱ्या. एक रेनडिअर अर्धवट विऊन बिथरून पळालेली. पिल्लू बर्फात थंडगार पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. मी एदेयकोची बाही धरली.

"कोणी परवानगी दिली?"

त्यानं कागद काढून वाचला. "'रहिवाशांची हरकत नाही. एकमतानं संमती.'"

"आमची?"

"कोणीच 'नाही' म्हणालं नाही, सेव्ने... मीच तसं सांगितलं साहेबांना."

"अरे, पाहुण्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आम्ही गप्प बसतो. तेच आमचं 'नाही'! आईनं शिकवलं नाही तुला?"

"सरकारनं सातव्या वर्षीच शाळेच्या वसतिगृहात नेलं मला," तो पुटपुटला. "बापरे... काय करून बसलो मी."

साहेब आणि आमची माणसं चहाला बसली होती त्या तंबूत तो तडक शिरला, मागोमाग मी. "साहेब, मी चुकीचं सांगितलं. त्यांचा नकार होता."

साहेब हसले. "नकार? कोणी तोंड तरी उघडलं होतं?"

पुन्हा सगळे गप्प. आणि मी, चहा वाढणारी पोर, पाहुण्यांसमोर उभी राहिले.

"नाही!"

आबांच्या हातातला चहा सांडला. आजी माझ्याकडे भूत बघावं तशी बघत राहिली. मग तीच कापऱ्या आवाजात म्हणाली, "नाही." मग काका. शेवटी आबा.

एदेयकोनं एकेकाचं नाव घेऊन ते 'नाही' कागदावर लिहिलं, आम्हाला वाचून दाखवलं आणि मगच साहेबांच्या हातात दिलं. लेखी नकारापुढे साहेबांना खुंट उपटावे लागले. हेलिकॉप्टर उडालं — त्याला न घेताच.

तो बर्फात एकटा उभा होता, हातात एक पिशवी.

"नोकरी गेली?"

"गेली. सेव्ने, मला एक विचारायचंय... म्हणजे, तुझ्या आबांची हरकत नसेल तर, आपण दोघं—"

"हो!"

आवाज इतका मोठा निघाला की माझी मीच दचकले. तंबूत कपांचा आवाज थांबला. मग आतून आबा ओरडले, "त्याला वाक्य तरी पुरं करू दे गं!"