डाव्या चाकावरचा भार

दादाने गाडी दिली ती धुऊन, पुसून, टाकी भरून. छोटी, जुनी, मळकट पांढरी. मी लिफ्ट तपासण्याचं काम करते; गावभर वणवण असते. "आमच्या दारात नुसती उभी आहे, तू वापर," म्हणाला. आपल्यासाठी कुणी काही करावं याची मला सवय नाही. त्या दिवशी घरी येताना रस्त्याच्या कडेला थांबून मी डोळे पुसले होते.

थंडी सुरू झाली आणि पुढच्या डाव्या चाकातून खडखड यायला लागली. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. मेकॅनिकने ती वर उचलली आणि मला खाली बोलावलं. उजवीकडच्या शॉकअपवर नुसती धूळ होती. डावीकडचा गंजून सोलपटला होता, स्प्रिंग तळाशी तुटली होती, चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचं रबर फाटून लोंबत होतं.

"तुमच्या शेजारी कुणी पैलवान बसतो काय?" त्याने विचारलं.

मी हसले. माझ्या शेजारी कुणीच बसत नाही. हत्यारांची पिशवीसुद्धा मी मागेच टाकते.

गंजलेले बोल्ट काही केल्या हलेनात. तेल मारून, तापवून, शिव्या देऊन त्याने ते सोडवले. दोन्हीकडचे शॉकअप आणि स्प्रिंगा बदलल्या, डावीकडे आर्म नवा घातला. गाडी खाली आल्यावर मी टेप लावून दोन्ही चाकांवरच्या कमानींची जमिनीपासूनची उंची मोजली. वजनाखाली काय किती दबतं हे बघणं माझं रोजचंच. दोन्ही बाजू सारख्या होत्या.

सकाळी डावी बाजू दोन बोटं खाली गेलेली.

जमिनीला उतार असेल म्हणून मी गाडी उलटी फिरवून लावली. तरी डावीच खाली. मेकॅनिकने चाक काढलं. नव्या शॉकअपवर गंज चढला होता. वरवरचा नव्हे, नखाने खरवडला तर पापुद्रे निघत होते. माल खराब निघाला, असं पुटपुटत त्याने जुनाच काढलेला शॉकअप तात्पुरता जोडला आणि गंजलेला नवा माझ्या हाती देऊन मला सुट्या भागांच्या दुकानात पिटाळलं.

दुकानदार वयस्क होता. मी ठेवलेल्या शॉकअपला त्याने हात लावला नाही. चष्म्यावरून बघत विचारलं, "डावीकडचा का?"

अशाच गाडीचा माल नेणारं त्याचं एक जुनं गिऱ्हाईक होतं म्हणे. उंच माणूस, भुवईवर व्रण. नेहमी डावीकडचाच माल न्यायचा. अलीकडे दिसला नाही. विकली असेल गाडी.

भुवईवरचा तो व्रण माझ्या दादाचा.

दुकानदाराने नवा शॉकअप काढून दिला. गंजलेला मात्र ठेवून घेईना. घेऊन जा, म्हणाला.

बाहेर येऊन मी गाडीचं बॉनेट दाबून पाहिलं. उजवी बाजू खाली जाऊन वर आली. डावी हललीच नाही. वाकून आत पाहिलं. शेजारची सीट रिकामी होती, पण तिची गादी मधोमध दबलेली होती.

माझ्या डोळ्यांदेखत तो खळगा थोडा माझ्या सीटच्या बाजूला सरकला.

दादाचं घर गाठेपर्यंत मी एकदाही डावीकडे पाहिलं नाही. वहिनीने दार उघडलं, माझ्या खांद्यावरून गाडीकडे नजर टाकली आणि मुलांना घेऊन आतल्या खोलीत गेली. दादा पायरीवर आला. मी गंजलेला शॉकअप त्याच्यापुढे ठेवला. हे काय, असं त्याने विचारलं नाही.

"तुला माहीत होतं."

त्याने मान डोलावली. परक्यांना विकून पाहिली, म्हणाला. ज्याने त्याने आणून परत दारात उभी केली. घरच्याच माणसाकडे राहते ती. आणि इथे ते हळूहळू मुलांच्या खोलीपर्यंत यायला लागलं होतं.

"ते म्हणजे कोण?"

त्याने पायाने शॉकअप बाजूला सारला.

"मग मीच का, दादा?"

"मला मुलं आहेत," तो म्हणाला. "तुझं काय, तू एकटीच आहेस."

इतक्या सरळपणे म्हणाला, की ही गोष्ट त्या घरात खूप आधी बोलून झाली असणार. त्याने मला गाडी दिली नव्हती. गळ्यात मारली होती, धुऊन, पुसून.

मी चावी पुढे केली. त्याने हात पाठीमागे घेतले. चावी पायरीवर टाकून मी चालायला लागले.

फाटकाशी वळून पाहिलं. खिडकीच्या गजांना धरून धाकटी पुतणी उभी होती. माझ्याच मांडीवर वाढलेली. ती माझ्याकडे बघत नव्हती. गाडीकडे बघून ओळखीचं हसत होती.

मी परत आले आणि चावी उचलली. दादाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मी उचलणार, हेही त्याने गृहीतच धरलं होतं.

गाडीत बसले. इंजिन सुरू केलं. दादा पायरी उतरून आला. काही बोलेल, निदान नजरेला नजर तरी देईल, म्हणून मी काच खाली केली.

तो माझ्या बाजूला आला नाही. वळसा घालून पलीकडे गेला आणि बंद काचेला जवळजवळ तोंड लावून वाकला.

"हिच्याकडे नीट राहा," हळूच म्हणाला.

काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली. तो सरळ झाला, घरात गेला, आणि ती वाफ विरून गेली.

आतल्या बाजूची तशीच राहिली.