धनको क्रमांक सात

या, पुढे सरकून बसा. सतरंजी मोकळीच आहे, आणि ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. एका नोटिशीची आणि एका चोरीची गोष्ट सांगतो. चोर कोण ते शेवटीच कळेल. पण खुणा सगळ्या वाटेतच पडल्या आहेत. वेचत या.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका शिंप्याच्या दुकानावर संचिता केणी हिचं खासगी तपासाचं ऑफिस आहे. मदतीला तानाजी, कोर्टातला निवृत्त बेलिफ. तीस वर्षं त्याने लोकांच्या दारी नोटिसा पोचवल्या. माणूस भाविक, जरा सावकाश. संचिता म्हणायची, "काकांचं डोकं कीर्तनातल्या बुवांसारखं आहे. मुद्द्यावर येतं, पण आख्यान लावून."

सोमवारी सकाळी एक बाई जिना चढून आल्या. साठीच्या, विटक्या पण इस्त्रीच्या साडीतल्या. हातात घडी पडलेला कागद.

"मी तुळसाबाई. डोंबिवलीला एकटीच असते. हा कागद खरा का खोटा, एवढंच सांगा."

तानाजीने कागद पाहिला आणि जुन्या सवयीने आधी शिक्का तपासला. "खराच आहे. जिल्हा न्यायालयाची नोटीस. हरिहर नावाच्या माणसाने नादारीचा अर्ज केलाय. म्हणजे, कर्ज फेडायची ऐपत उरली नाही, मला दिवाळखोर ठरवा. असा अर्ज करणाऱ्याला ज्याचं ज्याचं देणं आहे, त्याची यादी द्यावी लागते. मग कोर्ट त्या प्रत्येकाला कळवतं. तुम्ही यादीत धनको क्रमांक सात. येणं तेरा हजार पाचशे. शुक्रवारी तारीख."

"हरिहर माझा धाकटा भाऊ," तुळसाबाई म्हणाल्या. "आठ वर्षांपूर्वी घर सोडून गेला. जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नव्हतं. पण मी त्याला कधी पैसाही उसना दिला नाही हो! द्यायला होताच कुठे? मग हे कोणी लिहिलं? भाऊ आहे म्हणून मी शुक्रवारी धावत जायचं, आणि तिथे दुसराच कोणी निघाला तर?" त्या थांबल्या. "परत एकदा त्याला गमवायची ताकद नाही माझ्यात."

संचिताने पाण्याचा पेला पुढे केला. "घर सोडलं ते का?"

"कर्जापायी. तो कीर्तन करायचा, मी पेटीवर साथ करायची. शिवाय साईनाथबरोबर लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता, तो बुडाला. त्याच सुमारास आईची पेटी चोरीला गेली. बाळकुमला हनुमान जयंतीचं कीर्तन झालं, पेटी शेवटी उचलली ती सहदेवने. आमचा टाळकरी. तो म्हणे, टेम्पोत ठेवली. हरिहर म्हणाला, टेम्पोत नव्हती. मी सहदेवला चारचौघांत चोर म्हटलं आणि दार बंद केलं. मग दोन महिन्यांनी हरिहर गेला."

"जुन्यांपैकी आता कोण येतं तुमच्याकडे?"

"कुणीही नाही. डोंबिवलीला जाऊन तीन वर्षं झाली, कुणाला पत्ताही दिला नाही. एकादशीला तेवढी मागच्या दाराशी बुक्क्याची पुडी असते. देवळातलं कुणी ठेवत असेल. दिवाळीपासून पुढची गल्ली खणून ठेवलीय ना, सगळे मागूनच येतात."

संचिताने नोटिशीवरचा पत्ता बोटाने दाखवला. तानाजीने वाचला. तळमजला, मागील दार.

"बरोबरच आहे की पत्ता," तो म्हणाला.

"जरा जास्तच बरोबर आहे, काका."

दुपारी दोघं कोर्टात गेली. नावावरून शोध घेतला, तुळसाबाईंच्या वतीने वकिलामार्फत अर्ज देऊन, फी भरून कागद पाहायला मिळाले. अर्जदाराने स्वतः हजर राहून प्रतिज्ञा केली होती. ओळखपत्राच्या प्रतीवर फोटो होता. तुळसाबाईंनी दिलेल्या जुन्या फोटोतलाच माणूस, फक्त गाल बसलेले.

"म्हणजे भाऊच तो. जिवंत आहे," तानाजी म्हणाला. "मिटलं!"

"अर्धंच. यादी वाचा."

पहिली सहा नावं बँकेची, सावकारांची. पुढे 'कर्ज', 'उधार माल' असं लिहिलेलं. सातव्या नावापुढे लिहिलं होतं, 'वस्तू विक्रीची रक्कम'. तारीख आठ वर्षांपूर्वीची, एप्रिलमधली.

अर्जावर पत्ता माजिवड्याच्या एका बांधकामाचा होता. तिथे गेली, तर इमारत पूर्ण होऊन दिवे लागलेले. हरिहर राहायचा ती राखणदारांची पत्र्याची शेड नुकतीच काढलेली. शेडीच्या जागी कुंड्या मांडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाळकुमला साईनाथ भेटला. आता मंडपाचं काम करतो.

"हरिहर? नाव नका काढू! मला गाळात घालून गेलेला."

"सगळं देणं बुडवलं?"

"तसं नाय. शेवटचा एक हप्ता दिलेला. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी गेलेलो मागायला, तर रोख साडेतेरा हजार काढून दिले. मी म्हटलं, अरे, काल खिशात वडापावला पैसे नव्हते तुझ्या! काय बोलला नाय. नुसता रडत होता." साईनाथने मान हलवली. "ताई बरी आहे ना? अजून इथेच, वरच्या आळीत?"

डोंबिवलीत घरमालकाचा मुलगा भावेश ओट्यावरच भेटला. खोली रिकामी व्हावी असं त्याला वाटतं, हे तुळसाबाईंनीच सांगितलं होतं.

"मावशीला भाऊ आहे? सीरियसली? मला तर वाटायचं, त्यांना कुणीच नाही. भाडं मात्र टायमावर देतात हां. पेटी? कसली, पैशाची?"

जाताना तानाजी कुजबुजला, "हरिहरला पत्ता देणारा हाच असेल. पत्ता याला पाठ आहे."

"आणि मावशींना भाऊ आहे, हेच ठाऊक नसताना?"

राहिला सहदेव. त्याला बुधवारी गाठलं. कल्याणला पूजासामानाच्या एका अरुंद दुकानात तो कामाला होता. पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं हळू. गिऱ्हाईकाला बुक्का बांधून देत होता, डेट कॅलेंडरच्या फाडलेल्या पानात.

"पेटी तुम्ही घेतली होती?" संचिताने सरळच विचारलं.

"ताई काय म्हणतात?"

"त्या म्हणतात, तुम्हीच."

"मग तसंच असूद्या."

"माळकरी माणूस चोरी कबूल करतो?"

"मी कुठे कबूल केली? ताईंना खोटं पाडणार नाही, एवढंच म्हटलं." त्याने पुडीचा दोरा दातांनी तोडला. "त्यांचा गुडघा कसाय? पायरी उंच आहे हो."

तानाजीला राग आला. "चोर तो चोर, वर गुडघ्याची चौकशी!" तो बाहेर पडल्यावर म्हणाला. संचिता हसली नाही.

गुरुवारी दुपारी तुळसाबाईंच्या खोलीत चौघं जमली. सहदेव दाराशीच उभा राहिला. तुळसाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मावशी," संचिता म्हणाली, "अर्ज तुमच्या भावानेच केलाय. तो तुमचं देणं लागतो, हेही खरं आहे. तुम्ही पैसे दिले नव्हते. पण यादीत 'कर्ज' म्हटलेलं नाही, 'वस्तू विक्रीची रक्कम' म्हटलंय. रक्कम साडेतेरा हजार. तारीख हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवसाची. त्याच दिवशी रिकाम्या खिशाच्या हरिहरने साईनाथला तेवढेच पैसे दिले, आणि तो रडत होता. त्या दिवशी तुमच्या मालकीची कोणती वस्तू नाहीशी झाली होती?"

तुळसाबाईंचे ओठ हलले. पेटी.

"सहदेवने ती टेम्पोतच ठेवली होती. टेम्पो हरिहरचा होता. नव्हती, असं सांगणारा एकटा हरिहर. नादारीच्या अर्जात देणं लपवायचं नसतं, शपथेवर लिहायचं असतं. इतक्या वर्षांत तुमच्यासमोर जे बोलवलं नाही, ते त्याने कोर्टापुढे लिहून दिलं. नोटीस तुम्हाला येणार, हे त्याला माहीत होतं."

"पण पत्ता?" तानाजीने विचारलं.

"तोच तर प्रश्न. 'मागील दार' हे दिवाळीनंतरचं. साईनाथ हरिहरला ओळखतो, पण त्याच्या लेखी मावशी अजून बाळकुमला. भावेशला दार ठाऊक, पण हरिहर ठाऊक नाही. हरिहर इथे कधी आलाच नाही. मग त्याला सांगणारा कोण? जुना माणूस, आणि या दाराशी येऊन जाणारा. मावशी, एकादशीची पुडी कशात असते?"

तुळसाबाईंनी देवापुढची पुडी उचलली. तारखेचं पान.

"सहदेवच्या दुकानात अशाच पुड्या बांधतात. आणि काल त्यांनी विचारलं, पायरी उंच आहे, गुडघा कसा आहे. ही पायरी त्यांनी पाहिल्याशिवाय?"

मग तुळसाबाई पहिल्यांदाच त्याच्याकडे वळल्या.

"तुला माहीत होतं, सहदेव?"

"पेटी टेम्पोतून उतरवून एका दुकानात विकताना मी पाहिलं होतं बुवांना. त्यांनी माझे पाय धरले, ताई. कीर्तनकाराने! म्हणाले, तिला सांगू नकोस, ती जगायची नाही. मी शब्द दिला. आता अर्ज लिहायला त्यांनी विचारलं, तेव्हा इथला पत्ताही मीच दिला."

"आणि मी तुला चोर म्हणत राहिले. आठ वर्षं! एकदा तरी तोंड उघडायचंस रे!"

सहदेव खाली बघून म्हणाला, "तुमचं घर दोनच माणसांचं होतं. तुम्हा दोघांत एक चोर निघाला असता, तर घरात राहिलं काय असतं? मी परका होतो. मला परवडलं."

तानाजीने चष्मा पुसायला काढला, तो बराच वेळ पुसत राहिला. कितीतरी निरूपणं त्याने ऐकली होती. असं एका वाक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी तुळसाबाई कोर्टात गेल्या. सहदेव आला नाही; दुकानातून सुट्टी मिळाली नाही, असा निरोप आला. बाकावर हरिहर बसला होता, केस पांढरे झालेला. बहिणीला पाहून उठू लागला. तुळसाबाई शेजारी जाऊन बसल्या, आणि पुकारा होईपर्यंत दोघं तशीच बसून होती, हातात हात घेऊन.

नाव पुकारल्यावर कारकुनाने विचारलं, "धनको क्रमांक सात, काही हरकत?"

"माझं येणं मी सोडलं," त्या म्हणाल्या. "पण यादीत एक नाव राहिलंय. सहदेवचं. त्याचं देणं आम्हा दोघांवर आहे."

"रक्कम किती?"

तुळसाबाईंनी भावाकडे पाहिलं. दोघांनाही आकडा सांगता येईना.

"बाई, रकमेशिवाय नाव लिहिता येत नाही," कारकून म्हणाला, जरा हळूच, आणि पुढचं प्रकरण पुकारलं.

खरं आहे, त्यालाही नियम आहेत. पण माउलींनो, तुमच्या-माझ्या यादीला रकमेचा रकाना नाही. घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी त्या सहदेवचंही एक नाव घ्या.